व्यायामशाळेपाशी बसमधून कुणीच उतरत नाही

बारामती ऑफिसमधल्या मैत्रिणींनो, नोटीस बोर्ड कुणी वाचत नाही म्हणून ई-मेल करते आहे.

१. कंपनीच्या सवलतीत बावीस जणींनी व्यायामशाळेत नावं घातली.
२. पहिल्या आठवड्यात अकरा जणी आल्या. मग कामाच्या पाळ्या बदलल्या आणि सोबत तुटली. गेल्या आठवड्यात एकही आली नाही.
३. आज व्यायामशाळेच्या मालकांनी सांगितलं, शनिवारी पाच जणी आल्या नाहीत तर बायकांसाठी राखून ठेवलेली वेळ बंद.

संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये मी कारण विचारलं. पॅकिंगमधल्या सुमनताई वडगाव निंबाळकरहून येतात. त्या म्हणाल्या, "आवं मॅडम, डॉक्टरनं गुडघ्यासाठी व्यायाम सांगितलाय मला. पर एकटी उतरले की अख्खी बस खिडकीतनं बघती. आन् तुमी तरी कुठं उतरता?"

सगळ्या हसल्या. त्यांचं खरं आहे. योजनेचा तक्ता मी केला, सूचना मी लिहिली, पण मी स्वतः एकदाही गेलेले नाही. त्या नजरा मलाही नको वाटतात.

ही वेळ गेली तर सुमनताईंना परवडेल अशी दुसरी जागा नाही, आणि मला दुसरा उपाय सुचत नाही. शनिवारी मी आधी उतरणार आहे. सुमनताई मागोमाग येते म्हणाल्यात. अजून तिघी हव्यात. कोण येणार ते मला गुरुवारपर्यंत कळवा.