दिवस ठरवून दिलेलं आमंत्रण

हे मी आजवर कुणालाच बोललेले नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला तर मी फ्रीजमध्ये कुठल्या डब्यात काय आहे हेसुद्धा सांगून ठेवते.

दुबईतल्या एका जपानी कंपनीत मी अ‍ॅडमिन बघते. नवीन माणूस आला की त्याला जपानी रीतभात शिकवणं माझ्याकडे. व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी घ्यायचं, लगेच खिशात कोंबायचं नाही. कुणाच्या घरी गेलात तर बूट काढून दाराकडे तोंड करून ठेवायचे. भातात चॉपस्टिक्स उभ्या खोचायच्या नाहीत. आणि हे नीट ऐका — "या एकदा घरी" इतकंच म्हणाले तर ते बोलण्यापुरतं असू शकतं. दिवस आणि वेळ सांगितली, तर ते खरं बोलावणं. हे मला पाठ आहे. तेव्हाही होतं.

दुबईतच अल मनखूल भागात, आमच्याच इमारतीत, आमच्या मजल्यावर सुलभावहिनी राहतात. यजमान अबुधाबीच्या साइटवर, सुट्टीलाच घरी. मुलगा पुण्यात शिकायला. वहिनींना इंग्रजी येत नाही, हिंदी जेमतेम, त्यामुळे आठवडाभर त्यांचं बोलणं म्हणजे मी आणि फोन. ऑफिसची अल ऐनला पिकनिक होती, नवऱ्याला यायचं नव्हतं, म्हणून मी वहिनींना नेलं. चांगुलपणाच केला — नाही का?

तिथे वहिनींनी पिशवीतून शिवायला घेतलेलं दुपटं काढलं. शेजारी आमच्या मॅनेजरांच्या पत्नी होत्या, मिचिको-सान. त्यांनी वाकून पाहिलं आणि आपल्या पर्समधून निळं कापड काढलं. त्यावरही तोच धावदोरा! दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. पण आम्ही जेवायला हाका मारून थकलो, तरी त्या उठल्या नाहीत. वहिनींना मी इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

निघताना मिचिको-साननी कागदावर घर काढलं, घड्याळ काढलं, शनिवार लिहिला, पत्ता लिहिला आणि दोन्ही हातांनी कागद वहिनींना दिला. फोन नंबर कुणी घेतले नाहीत. मध्ये मी होतेच ना.

मला कधीच बोलावलं नव्हतं. इतकी वर्षं त्यांच्या रीती मी जगाला शिकवल्या, आणि त्यांच्या घराचा उंबरा पाहिला नव्हता. गाडीत मागे वहिनी गुणगुणत होत्या आणि मी रेडिओचा आवाज वाढवला. हेवा म्हणू? हेवाच.

शुक्रवारी त्या दारात आल्या. "वैशालीताई, नारळाच्या वड्या नेल्या तर चालतील ना हो?"

मी म्हटलं, "वहिनी, ती त्यांची बोलायची पद्धत असते. खरंच गेलात तर बिचारीची पंचाईत होईल."

"अगं बाई! बरं झालं विचारलं. मी तर खोबरं किसायला घेणार होते. तुम्ही कळवाल ना, जमत नाही म्हणून?"

कळवते म्हटलं — आणि कळवलं नाही.

सोमवारी मॅनेजर माझ्या टेबलापाशी आले. हळू आवाजात विचारलं, त्या बाई बऱ्या आहेत ना? मिचिको-साननी मांस-मासे-अंडं वगळून स्वयंपाक केला होता. दाराशी सपाता मांडून दुपारपर्यंत वाट पाहिली होती.

इथे तरी खरं बोलता आलं असतं. मी काय सांगितलं? आमच्याकडे बायका अशा एकट्या परक्या घरी जात नाहीत, त्यांच्या घरचे जुन्या वळणाचे आहेत. वहिनींसमोर जपानची रीत पुढे केली, मॅनेजरांसमोर आपली. दोन्ही खोट्या.

ते वाकले. किती वाकलं म्हणजे काय, हेही मीच शिकवते — ते माझ्यासमोर खूप खाली वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले. म्हणाले, आम्हाला तुमची रीत ठाऊक नव्हती, त्यांना अडचणीत टाकलं, माफ करा.

दुसऱ्या दिवशी मिचिको-साननी वहिनींसाठी निळ्या दोऱ्याच्या लडी पाठवल्या. माझ्या हाती. वहिनींना देताना मी म्हटलं, ऑफिसात सगळ्यांना वाटल्यात.

"हो? तुमच्या कुठल्या रंगाच्या?"

"पांढऱ्या," मी म्हटलं.

पुढे काही महिन्यांनी मॅनेजरांची बदली झाली आणि मिचिको-सान गेल्या. त्या दोघी पुन्हा भेटल्या नाहीत. हे मला टाळता आलं असतं — एका फोनवर, कुठल्याही दिवशी. मी रोज लिफ्टमध्ये वहिनींना भेटत होते.

मध्यंतरी समोरच्या फ्लॅटमध्ये केरळचं कुटुंब आलं. त्या बाईंनी चहाला बोलावलं, तर वहिनी माझ्याकडे. "ताई, मनापासून बोलावलं असेल का हो? की आपलं उगाच?" हल्ली त्या प्रत्येक बोलावण्याला हे विचारतात. आणि मलाच विचारतात. मी म्हटलं, मनापासून. त्या म्हणाल्या, मग तुम्हीही चला.

गेले. चहा आला, ओळखी झाल्या. वहिनींनी माझ्या दंडावर हात ठेवला आणि त्या बाईंना आपल्या हिंदीत सांगू लागल्या, "ये हमारी ताई है ना, इसके वजह से मैं बच गयी. नहीं तो एक जपानी बाई के घर सच्ची में जाके बैठती मैं! कितनी फजिती होती!"

सगळ्या हसल्या. मीही हसले.