भाऊचं मातीचं गणित

पांढुर्ण्याच्या शाळेत मी अपूर्णांक शिकवत होते, तेव्हा सौंसरहून आलेले काका वर्गाच्या दारात उभे राहिले. "इंदू, चाल. भाऊ गेला," एवढंच म्हणाले. तीन दिवसांच्या तापानं माझा थोरला भाऊ गेला, त्याला आता दोन महिने होतील...

भाऊ नागपूरला शेतकी शिकला आणि स्वातंत्र्यानंतर वर्षभरातच शेतकी खात्यात लागून सौंसरला आला. काम बियाण्यांचं, पण त्याचा जीव मातीत. धसकटं, पालापाचोळा, शेणखत यांतून मातीत किती कर्ब येतो, त्यातला किती हवेत उडून जातो आणि पिकासाठी किती नत्र उरतं, हे आधीच कागदावर मांडता यावं असा त्याला ध्यास होता. गणितात मात्र कच्चा. म्हणून दर रविवारी बसनं माझ्याकडे यायचा, नागपूरच्या प्रयोगशाळेतून आलेले आकडे पुढ्यात टाकायचा. "इंदे, हे काऊन जुळून नाही राहिलं?" मला मातीतलं कळत नव्हतं, त्याला समीकरणातलं, तरी दोघांनी मिळून पहिलं गणित मांडलं. त्याच्या भरवशावर काकांनी ज्वारीची धसकटं न जाळता नांगरून टाकली आणि त्यावर कापूस लावला. नत्र वाढेल, असं आमचा कागद सांगत होता. महिन्याभरात कापसाची अख्खी पराटी पिवळी पडली. काकांनी ती उपटून तीळ पेरला. "तुह्या कागदानं माही पराटी खाल्ली, बाप्पा," म्हणाले, आणि भाऊशी बोलणंच सोडलं.

भाऊ कितीतरी दिवस धड जेवला नाही. मग एका रविवारी दारातूनच म्हणाला, "आपण वर्षाचं गणित मांडलं, इंदे. माती आठवड्या-आठवड्यानं चालते." वाळकी धसकटं कुजवणारे जिवाणू आधी मातीतलं नत्र स्वतःच घेतात, मग हळूहळू परत देतात. काकांनी थोडी वाट पाहिली असती तर... पण ते सांगायचं काम आमचं होतं. दिवाळीची सगळी सुट्टी आम्ही आठवड्यागणिक आकडे पुन्हा मांडण्यात घालवली.

पुढे राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. प्रयोगशाळा परक्या राज्यातली झाली. भाऊनं पाठवलेली माती तशीच परत आली. नागपूरला बदली मागता येत होती. मीही म्हटलं, जा. "काकाचं शेत बिघडवून कोणत्या तोंडानं जाऊ?" तो म्हणाला. या उन्हाळ्यात तो काकांकडे गेला. काकांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी बांधाकडच्या चार ओळी दिल्या. तशीच धसकटं गाडून भाऊनं कापूस लावला आणि दर आठवड्याला पानांचा रंग आमच्या कागदावर टिपू लागला. नवं गणित सांगत होतं, पराटी पिवळी पडेल आणि पोळ्याच्या सुमारास हिरवी होईल.

त्यानं पाहिली ती फक्त पिवळी...

तेराव्यानंतर काकांनी विचारलं, "उपटू का, इंदू?" मी कागद पाहिला. माझाही धीर सुटत होता. म्हटलं, "पोळ्यापर्यंत राहू द्या, काका."

पोळा झाला. त्यानंतरच्या रविवारी काका दारात आले. रुमालात गुंडाळलेलं एक पान त्यांनी माझ्या हातावर ठेवलं. "हिरवी होऊन राहिली," म्हणाले. मग कागदाकडे बोट करून म्हणाले, "लिहून घे." भाऊच्या अक्षरातल्या शेवटच्या ओळीखाली मी त्या आठवड्याची ओळ लिहिली.

आता ते दर रविवारी येतात. भाऊ बसायचा तो खिडकीजवळचा पाट मी मांडते. काका त्यावर बसत नाहीत. उभ्याउभ्याच पान देतात आणि मी लिहीपर्यंत थांबतात.