चेहरा दिसेल असं रॉकेट

"आकाशाकडे झेपावणं हा मनुष्यमात्राचा सनातन धर्म आहे."

हे वाक्य माझं नाही. आमच्या मॅनेजिंग डायरेक्टरांचं आहे. पेंट शॉपच्या दारात उभं राहून, थिनरचा वास नको म्हणून नाकाला रुमाल लावून ते बोलले, त्यामुळे त्यातलं थोडं गांभीर्य रुमालातच राहिलं. दुसऱ्या हातात पुठ्ठ्याची एक नळी होती. लाटण्याएवढी जाड आणि हातभर लांब.

"हे रॉकेट आहे," ते म्हणाले. "आपण ते उडवणार आहोत."

आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झालं होतं. आमची कंपनी पिंपरीत, मोठ्या कारखान्यांच्या सावलीत होती. त्यांना मडगार्ड, साइड पॅनल, मशिनची झाकणं असला पत्र्याचा माल करून, रंगवून द्यायचा हा आमचा धंदा. मी पेंट शॉपचा इनचार्ज होतो. कंपनीच्या वर्धापनदिनाला एका बड्या कारखान्याचे खरेदीप्रमुख पाहुणे म्हणून येणार होते. आपण नुसते पत्रा ठोकणारे नाही, हे साहेबांना त्यांना दाखवायचं होतं. त्यासाठी अमेरिकेतल्या भाच्याने दिलेला हा किट त्यांनी बॅगेतून आणला होता.

किट म्हणजे सुटे भाग. पुठ्ठ्याची नळी, तिच्या टोकाला बसवायचं लाकडी नाक, शेपटीला चिकटवायचे लाकडी पंख, प्लॅस्टिकची एक घडी घातलेली छत्री. लाकूड बाल्सा नावाचं होतं. हातात घेतलं तर काही घेतल्यासारखं वाटत नाही इतकं हलकं. शिवाय अंगठ्याएवढं एक नळकांडं, ज्यात दारू ठासलेली. त्याला मोटर म्हणतात. ती पेटली की रॉकेट वर जातं. मग काही सेकंद ती आतल्या आत जळत राहते, आणि शेवटी पुढच्या बाजूला एक छोटा स्फोट करते. त्या धक्क्याने नाक उडून पडतं, छत्री बाहेर येते आणि रॉकेट तरंगत खाली उतरतं.

हा शेवटचा स्फोट वाचकांनी लक्षात ठेवावा. आमच्याकडे तो कोणी ठेवला नाही.

साहेबांनी नळी हातात फिरवून पाहिली आणि तोंड वाकडं केलं. पुठ्ठ्याची पट्टी गुंडाळून केलेली नळी, त्यामुळे तिच्या अंगावर जिन्यासारखी फिरत जाणारी एक चीर होती.

"हे असलं चालणार नाही. फिनिश पाहिजे. तुमचा सगळ्यात चांगला माणूस कोण?"

मी युसूफला हाक मारली. युसूफ स्प्रेगन धरायचा तेव्हा शेजारच्या शॉपमधली माणसं चहा विसरून बघत उभी राहायची, आणि त्याला ते माहीत होतं. सिनेमातल्या हिरोसारखा गळ्यात रुमाल, वर मनगटाला एक झटका. पण तो टेम्पररी होता. टेम्पररी माणसाला काही महिन्यांनी घरी बसवायचं आणि थोड्या दिवसांनी नवा म्हणून पुन्हा घ्यायचं, म्हणजे त्याला कायम नोकरी मागता येत नाही. याला ब्रेक देणं म्हणतात. युसूफने असे इतके ब्रेक खाल्ले होते की तो दर वेळी हजर होताना माझ्याशी हस्तांदोलन करून स्वतःची नव्याने ओळख करून द्यायचा. चिखलीत भावाच्या गॅरेजमागच्या खोलीत तो, बायको आणि दोन मुली राहत. परमनंट झालो की संत तुकाराम नगरात खोली घ्यायची, हे त्याचं ठरलेलं होतं. खोलीला कोणता रंग द्यायचा तेही ठरलेलं होतं.

"काय नाव?" साहेबांनी विचारलं.

"युसूफ, साहेब."

"युसूफ, या रॉकेटमध्ये मला माझा चेहरा दिसला पाहिजे. दिसला, की तू परमनंट. साठे, ऐकलंत?"

साठे आमचे वर्क्स मॅनेजर. ते साहेबांच्या मागे कायम अर्धं पाऊल उभे असत. "यस सर," ते म्हणाले.

साहेब गेल्यावर पॉलिशपेपरने रंग घासणारा, रबिंगवाला दत्तोबा पुढे आला. जुना चिखलीचाच माणूस. "युसूफभाई, साहेबाचं थोबाड दिसंल रं त्यात. पन ते बघून रॉकेट खालीच न्हाई का पडायचं?"

"चाचा, तू पेपर घास. बाकी माझ्यावर सोड," युसूफ म्हणाला.

इथे फिनिश म्हणजे काय ते सांगायला हवं. पत्र्यावर रंग मारण्याआधी खड्डे पुट्टीने भरतात. ती वाळली की घासतात. मग सरफेसर नावाचा अस्तराचा कोट, तोही घासायचा. त्यावर रंगाचे कोट, दोन कोटांमध्ये पुन्हा घासणं, आणि शेवटी पॉलिश. मडगार्ड लोखंडाचं असतं. त्याच्यावर थोडी पुट्टी जास्त झाली तर मडगार्डाला कळतही नाही. आमच्या शॉपमध्ये कमी रंग हा गुन्हा होता. जास्त रंग नावाचा गुन्हा अस्तित्वातच नव्हता.

मी किटबरोबर आलेली पुस्तिका वाचली होती. तिच्यात लिहिलं होतं की लाकडाची छिद्रं बुजण्यापुरतं सीलर लावा, वर रंगाचा पातळ हात मारा. ते मी युसूफला सांगितलं.

"पातळ हातात चेहरा दिसणार का, पाटणकरसाहेब?"

नाही, हे मलाही माहीत होतं.

त्याने जीव ओतून काम केलं. चीर पुट्टीने भरली. बाल्सा रंग पाण्यासारखा पीत होता, म्हणून पंखांवर सरफेसरवर सरफेसर चढवला. मग पांढरा रंग. मध्येच साठे येऊन सांगून गेले की साहेबांना कंपनीच्या निळ्या रंगाचा पट्टा हवाय. पट्टा झाला. मग अकाउंट्सवाल्यांनी सुचवलं की नाकाला सोनेरी शोभेल. तेही झालं. युसूफ रोज संध्याकाळी नळी दाराशी नेऊन उजेडात धरायचा आणि स्वतःचा चेहरा शोधायचा. "मिशी दिसते," तो एकदा म्हणाला. "डोळे अजून धूसर आहेत." आणि पुन्हा गन उचलायचा.

पुस्तिकेत एक चाचणी दिली होती. रॉकेटच्या मध्याला दोरी बांधून ते तोल साधेल असं लटकवायचं आणि गोफणीसारखं डोक्याभोवती फिरवायचं. ते नाक पुढे करून फिरलं तर सरळ उडेल. आम्ही शॉपच्या मागे ते फिरवलं. आमचं रॉकेट शेपूट पुढे करून फिरलं. सगळा रंग पंखांनी प्यायला होता आणि पंख मागे होते.

मी साठ्यांना दाखवलं.

"मग नाक जड करा," साठे म्हणाले. तांत्रिकदृष्ट्या हे बरोबर होतं. आम्ही नाकाला आतून भोक पाडून त्यात शिसं बसवलं. आता रॉकेट नाक पुढे करून ऐटीत फिरू लागलं. मग मी ते स्टोअरच्या काट्यावर ठेवलं. मोटर जास्तीत जास्त जेवढं उचलू शकते असं पुस्तिकेत छापलं होतं, त्याच्या जवळजवळ दुप्पट भरलं.

"साहेबांना तुम्ही सांगा," साठे म्हणाले.

मी केबिनमध्ये जाऊन सांगितलं. हे उडणार नाही, उडालं तर नीट उडणार नाही, टेबलावर ठेवून दाखवूया.

"पाटणकर, अमेरिकन लोक प्रत्येक आकडा घाबरून लिहितात," साहेब म्हणाले. "वकील असतात त्यांच्याकडे. आपल्याकडे तसं नाही."

ते खरंच होतं. आपल्याकडे तसं नव्हतं.

"शिवाय निमंत्रणपत्रिकेवर उड्डाण असं छापलंय."

यापुढे वजनाचा प्रश्न उरला नाही.

वर्धापनदिन साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी ठेवला होता, म्हणजे उत्पादन बुडायला नको. शेडच्या मागे मोकळ्या जागेत मांडव घातला. सनईची रेकॉर्ड लावली. मधोमध जमिनीत एक लोखंडी सळई रोवली होती. तिच्या आधाराने रॉकेट सुरुवातीला सरळ जातं. त्याच्यापासून वायर काढून ट्रकच्या बॅटरीला जोडली होती, आणि बटण साहेबांसमोर मखमली कापडावर होतं. कापड मखमली असलं तरी बटण साधं दारावरच्या घंटेचं होतं.

युसूफ इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. रॉकेट त्याने स्वतः मलमलीच्या फडक्यात धरून साहेबांपुढे नेलं. साहेबांनी ते पाहुण्यांना दाखवण्याआधी डोळ्यांसमोर धरलं, त्यात बघितलं आणि टायची गाठ सरळ केली.

युसूफने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. टाय सरळ झाला म्हणजे चेहरा दिसला होता. त्याबद्दल वाद नव्हता.

साहेबांचं भाषण झालं. सनातन धर्म पुन्हा एकदा आला. मग सगळ्यांनी मिळून इंग्रजीत उलटे आकडे म्हटले आणि साहेबांनी बटण दाबलं.

धूर झाला. रॉकेट सळईवरून चढायला लागलं. उडायला नव्हे, चढायला. एखादा जाडा माणूस बसमध्ये चढतो तसं. सळई सोडल्यावर ते क्षणभर थबकल्यासारखं वाटलं. नदीच्या बाजूने वारा होता. रॉकेटने नाक त्या दिशेला वळवलं, शेडच्या पन्हळीएवढ्या उंचीवरून कमान घेतली आणि ते सायकल स्टँडच्या पलीकडे गवतात आडवं पडलं.

पाहुण्यांना रॉकेटकडून काय अपेक्षा करायची ते माहीत नव्हतं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यामुळे सगळ्यांनी वाजवल्या.

सायकल स्टँडपाशीच उभा असलेला युसूफ पळाला. रॉकेट मातीत पडलं होतं, त्याच्या फिनिशला ओरखडा गेला असेल, आणि साहेब थोड्या वेळाने ते पुन्हा हातात घेतील, एवढंच त्याच्या डोक्यात असणार. मला तेव्हा तो शेवटचा स्फोट आठवला आणि मी ओरडलो. टाळ्यांत माझा आवाज कोणालाच ऐकू गेला नाही. त्याने रॉकेट दोन्ही हातांनी उचललं, रंगाला बोटं लागू नयेत म्हणून शर्टाच्या टोकात धरलं आणि नाकावरचा सोनेरी रंग बघायला डोळ्यांजवळ नेलं.

मोटर आतल्या आत जळत होतीच. पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे तिने ठरल्या वेळी स्फोट केला. आवाज लवंगी फटाक्याएवढा झाला. शिसं भरलेलं नाक सुटून त्याच्या डाव्या डोळ्यावर बसलं, आणि छत्री व्यवस्थित उघडून बाहेर लोंबली.

पाहुण्यांनी दुसऱ्यांदा टाळ्या वाजवल्या. युसूफ खाली बसला तेव्हा त्या थांबल्या.

साहेबांची गाडी पाहुण्यांसाठी ठेवलेली होती. आम्ही त्याला मालाच्या टेम्पोतून पुण्याला नेलं. दत्तोबाने त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि तो सारखा म्हणत होता, "काय न्हाई होत, भावा. काय न्हाई." डॉक्टरांनी डोळा काढावा लागेल असं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा त्याचा भाऊ सलीम, गॅरेजवाला, कॉटशेजारी बसला होता. युसूफच्या अर्ध्या चेहऱ्यावर पट्टी होती.

"पाटणकरसाहेब, चेहरा दिसला होता ना?"

"दिसला होता."

"तुम्ही साक्षीदार आहात."

"आहे."

"बघ," तो भावाला म्हणाला. "सांगत होतो ना."

सलीम उठून बाहेर गेला, आणि मी निघालो तेव्हा जिन्यात उभा होता. "साब, परमनंट होणार म्हणतोय. डोळ्याचं काय ते विचारतच नाही. तुम्ही सांगा त्याला काहीतरी."

मी जिना उतरलो.

कंपनीत बैठक झाली. साठ्यांचं म्हणणं असं, की सुट्टीचा दिवस होता, युसूफने कार्ड पंच केलेलं नव्हतं, म्हणजे तो कामावर नव्हता. त्यामुळे हा कामावरचा अपघात नाही. "आणि रॉकेट उचलायला त्याला सांगितलं कोणी?"

"आणि उडवायला?" मी विचारलं.

साठ्यांनी पंख्याकडे पाहिलं. साहेब पेपरवेट फिरवत होते. मग म्हणाले, "मी शब्द दिलाय. त्याला परमनंट करा."

हा शब्द त्यांनी पाळला, हे नोंदवलं पाहिजे. माझ्या नोकरीत दिलेले शब्द मी पुष्कळ ऐकले, पाळलेले मोजके. पण परमनंट होण्याआधी मेडिकल असते, आणि पेंट शॉपच्या मेडिकलला दोन डोळे लागतात. एका डोळ्याने गन पत्र्यापासून किती लांब आहे याचा अंदाज येत नाही. रंग ओघळतो नाहीतर भुकटी होऊन बसतो. मी त्याला एक पॅनल मारायला देऊन पाहिलं. रंग ओघळला. त्याने स्वतःच गन बंद केली आणि खाली ठेवली.

त्याला पॅकिंगमध्ये हेल्पर म्हणून कायम केलं. लाकडी खोक्यांना खिळे ठोकायचं काम. खिळ्याचाही अंदाज चुकायचा. त्याच्या डाव्या हाताची बोटं कायम सुजलेली असत. संत तुकाराम नगरातली खोली त्याने घेतली. मी एकदा गेलो होतो. भिंतींना घरमालकाने दिलेला चुना होता. त्याने ठरवलेला रंग कोणता, हे मी विचारलं नाही.

चौकशीत कारण म्हणून वारा लिहिला गेला. पाहुण्यांच्या कारखान्याची मोठी ऑर्डर आम्हाला मिळाली. फिनिश चांगलं असतं, असा त्यांचा शेरा होता. नोकरीत मी त्यातून एवढंच शिकलो, की जी वस्तू उडायची आहे तिचा रंग ठरवायला वरिष्ठांना बोलावू नये.

किटचं रिकामं खोकं पेंट शॉपच्या कपाटात बरीच वर्षं पडून होतं. निवृत्तीच्या वेळी कपाट आवरताना मी त्याच्या झाकणावरचा मजकूर पहिल्यांदा नीट वाचला. किट दहा वर्षांवरील मुलांसाठी होता. खाली सूचना होती, की तो मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली वापरावा.