गुरुप्रसादची चूक

तारकर्लीला दुर्गा मयेकरच्या घरी उतरणारे पाहुणे समुद्राकडे तोंड करून बसतात. तिचे सासरे, बाबा, मात्र उंडीच्या झाडाखाली समुद्राकडे पाठ करून बसायचे. तरुणपणी तळाशी अडकलेले नांगर एका दमात बुडी मारून सोडवणारा हा माणूस.

कारण होतं गुरुप्रसाद. बाबांचा एकुलता मुलगा, दुर्गाचा नवरा. पाण्याखालच्या कामासाठी निवडलेला फौजी. एकदा सरावाला म्हणून गेला आणि बंद पेटीतून परत आला. सोबत आलेला अधिकारी हळू आवाजात म्हणाला, सरावात अपघात झाला, हुकूम मोडून तो ठरल्यापेक्षा खोल गेला. गाव हळहळलं.  बाबा फक्त एकदा, जेवता जेवता त्याच्या पोहण्याचा विषय निघाला तेव्हा, ताटाकडे बघत म्हणाले, "पेवूक मीच शिकवलंय तेका. म्हंजे चूक माझीच." पुढे त्यांनी पाण्यात पाऊल घातलं नाही, की नातीला, ओवीला, ओल्या वाळूपलीकडे जाऊ दिलं नाही.

त्यानं हुकूम मोडला हे दुर्गाला कधीच पटलं नव्हतं. दुपारी उन्हानं पाणी पांढरं व्हायचं. किनारा कुठं संपतो आणि समुद्र कुठं सुरू होतो ते कळेनासं व्हायचं. तेव्हा तिला वाटायचं, आत्ता तो त्या उजेडातून चालत येईल, केसांतून पाणी निथळत, आणि विचारील, "गो, जेवण झाला काय?" ती डोळे मिटायची नाही. तो क्षण जितका टिकेल तितका टिकू द्यायची.

अशाच एका दुपारी त्या उजेडातून खरोखरच एक माणूस आला. हातात बूट, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, साठी ओलांडलेला. नाव राजाध्यक्ष. खोली घेतली, पण फिरायला कुठं गेला नाही. भिंतीवरच्या गुरुप्रसादच्या हार घातलेल्या फोटोसमोर उभा राहायचा. दुसऱ्या दिवशी दुर्गानं सुरमईचं ताट पुढं ठेवलं, त्यानं हात लावला नाही.

"मी गुप्तवार्ता खात्यात होतो," तो म्हणाला. "तुमचे मिस्टर गेले तो सराव नव्हता."

मग काय घडलं ते त्यानं सांगितलं.

परक्या किनाऱ्यावरच्या एका धक्क्याशी चौघांना पाठवलं होतं. धक्का मोकळा आहे ही बातमी राजाध्यक्षाच्या खात्याची. एकाच माणसाकडून आलेली. पडताळून बघायला वेळ होता, कोणी बघितली नाही. धक्क्यावर कडक पहारा होता. गुरुप्रसादनं तिघांना आधी बोटीकडे धाडलं, स्वतः मागं थांबला. शेवटी सोबत्यांनी त्याला पाण्यातून ओढून आणलं, तोवर सगळं संपलं होतं.

"मगे तेणी हुकूम मोडल्यान म्हणून कोणी सांगल्यान?"

"चौकशी झाली. फौजेनं आमच्याकडे बोट दाखवलं, आम्ही फौजेकडे. शेवटी ठरलं, मोहीम झालीच नाही. मग मरणाला काहीतरी कारण हवं. जो बोलू शकत नव्हता, त्याच्यावर ढकललं."

"कोणी?"

 तो ताट बाजूला सारत म्हणाला, "बातमी खरी मानून पुढं मीच पाठवली. आणि त्याच्यावर ढकललं, तेव्हा मी त्या खोलीत होतो. गप्प बसलो."

दुर्गाला वाटलं आपण ओरडू. पण आवाज आला तो अगदी साधा. "ह्या माका सांगून काय उपेग? माका ठावक होता. बाबांक सांगा."

राजाध्यक्ष उंडीखाली गेला आणि बाबांसमोर वाळूतच बसला. सगळं पुन्हा सांगितलं, स्वतःचं नाव न गाळता. बाबांनी मान वर केली नाही. तशाच खाली मानेनं विचारलं, "पाणी कसा होता?"

"थंड. बाहेरच्या बाजूला ओढ होती."

"आणि असल्या पाण्यात तो मागे रवलो? तिघांक सोडून?"

"हो."

"मगे बरोबर पेवलो," बाबा म्हणाले.

ते उठले. सदरा काढून फांदीवर टाकला आणि समुद्राकडे निघाले. राजाध्यक्ष घाबरून उठला, तसा दुर्गानं हात आडवा धरला. बाबांनी लाटेखाली बुडी मारली. कितीतरी दूर, त्या पांढऱ्या उजेडात एक काळं डोकं वर आलं. ते बाबांचं की गुरुप्रसादचं, दुर्गाला क्षणभर कळलं नाही, आणि कळून घ्यावं असंही वाटलं नाही. "ये गो!" पाण्यातून हाक आली, आणि ओवी फ्रॉकसकट पाण्यात धावत सुटली.

जाताना राजाध्यक्ष माफी मागू लागला, तेव्हा दुर्गानं त्याला थांबवलं. "माका नको. जंय गप बसलात, थंय जावन बोला."

तो दिल्लीला जाऊन बोलला. मग खात्याकडून गोड बोलणारा एक माणूस दुर्गाकडे आला आणि हा विषय वाढवू नये असं सुचवून गेला. तिनं त्याला चहा दिला, शब्द दिला नाही. पुढच्या वर्षी सरकारी कागदांतून गुरुप्रसादच्या नावापुढचं "हुकूम मोडला" हे वाक्य काढलं गेलं. त्या जागी दुसऱ्या कोणाचं नाव काही आलं नाही. मोहीम झालीच नव्हती, असं खातं अजून म्हणतं.

अधूनमधून दुर्गा ओरोसच्या सरकारी कचेरीत जाते आणि शुद्ध मराठीत विचारते, "मग चूक कोणाची होती?" साहेब म्हणतात, वर विचारलंय. ती बाहेरच्या बाकावर जाऊन बसते.