हिवरखेडची चुनखडी

संघपाल वानखडे यांनी एकतीस वर्षं अकोल्याच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत लोकांच्या जमिनीतली चुनखडी मोजली. नमुन्यावर आम्ल टाकायचं, किती फसफसतं ते पाहायचं, आकडा लिहायचा आणि बहुतेक वेळा खाली शिफारस लिहायची: संत्रा लावू नये. निवृत्त झाल्यावर मात्र ते चुनखडी हवी म्हणून शोधायला निघाले.

त्यांची मुलगी दीक्षा अमरावतीत दातांची डॉक्टर आहे. तिच्या दवाखान्यात, पेशंट बसतात त्या खोलीत, समुद्री पाण्याची चार फुटी काचेची टाकी आहे. मासे थोडे, प्रवाळं जास्त. टाकी आणली दीक्षाने, पण सांभाळायचे संघपाल. दर बुधवारी आणि शनिवारी अकोल्याहून एसटीने येऊन ते शुद्ध पाण्यात समुद्री मीठ कालवत, पाणी तपासत, काच पुसत. दर्यापूरकडची एक म्हातारी एकदा म्हणाली, "भाऊ, मीठ कायले इकत घेता? आमच्या बोअरचं पानी टाका, आयतं खारं हाये." बोअरचा खार आणि समुद्राचं मीठ यातला फरक त्यांनी तिला इतका सविस्तर सांगितला की तिचा नंबर निघून गेला.

प्रवाळ हा दगडी सांगाडा बांधणारा जीव. त्यासाठी लागणारं कॅल्शियम तो पाण्यातून घेतो. यंदा टाकीतलं कॅल्शियम रोज उतरत होतं. बाटलीतलं औषध पुरत नव्हतं आणि पाच प्रवाळांची टोकं पांढरी पडली होती.

"बाबा, पेशंटसमोर हे असं मरताना बरं नाही दिसत," दीक्षा म्हणाली. "एक महिना पाहू. नाही जमलं तं नागपूरचा दुकानदार टाकी न्याले तयार आहे."

टाकी गेली की संघपाल यांची बुधवार-शनिवारची एसटीही जाणार होती.

संघपाल यांनी कॅल्शियम रिअ‍ॅक्टर मागवला. हे एक उभं नळकांडं असतं. त्यात प्रवाळाची खडी, म्हणजे मेलेल्या प्रवाळांच्या चुन्याच्या सांगाड्यांचे तुकडे, भरायची आणि सिलिंडरमधून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे मोजून सोडायचे. आतलं पाणी सोडावॉटरसारखं आंबट होतं, खडी थोडी थोडी विरघळते आणि ते पाणी थेंबाथेंबाने टाकीत उतरतं. यंत्र आलं. खडी त्यांनी मागवलीच नव्हती. वऱ्हाडात राहून चुनखडी कुरिअरने आणायची, हे त्यांच्या मनाला पटेना.

ते थेट हिवरखेडला, केशवरावांच्या वावरात गेले. वीस वर्षांपूर्वी या वावराच्या मातीचा अहवाल त्यांनीच लिहिला होता.

"साहेब, काय वेचून राहिले?" केशवरावांनी बांधावरून विचारलं.

"खडे. पोरीच्या टाकीत टाकाचे आहेत."

"याच खड्यांपायी तुमी मले संत्रा लावू देला नाही. अन् आता सोताच थैली भरून चालले." केशवराव हसले आणि स्वतःही वाकून वेचू लागले. "न्या, न्या. वावराचं काही जात नाही."

घरी संघपाल यांनी खडे घासून धुतले, उन्हात वाळवले, चाळणीने एका आकाराचे निवडले. त्यांची पत्नी ज्योत्स्ना दारातून पाहत होती. "तांदूळ कधी असे निवडले नाही तुमी," ती म्हणाली.

बुधवारी रिअ‍ॅक्टर सुरू झाला. मिनिटाला वीस बुडबुडे. कॅल्शियम लिटरमागे तीनशे साठ मिलिग्रॅम होतं, हवं चारशेच्या वर; शनिवारी तीनशे नव्वद भरलं. संघपाल खुशीत घरी परतले. सोमवारी सकाळी दीक्षाचा फोन आला.

"बाबा, पाणी मातकट दिसून राहिलं. प्रवाळांवर काहीतरी बसलं आहे."

दुपारपर्यंत ते अमरावतीत होते. प्रवाळं मिटून गेली होती, त्यांच्यावर काळपट गाळाचा थर. त्यांनी आधी गॅस बंद केला. मग पिशवीतून आम्लाची बाटली काढली आणि उरलेल्या खड्यांतला एक ग्लासात टाकून त्यावर आम्ल ओतलं. फेस आला, ओसरला. तळाशी चमचाभर काळा गाळ राहिला.

दीक्षाने ग्लास उजेडात धरला. "ही तं माती आहे."

"चुनखडी मातीतच तयार होते. तिच्या पोटात माती असतेच. मी वरून धुतली."

"तुमाले माहीत नव्हतं?"

"माहीत होतं. आकडा चढला म्हणून पाहिलं नाही."

"दुसऱ्या कोणी असं काम केलं असतं तं तुमी त्याले लॅबमधून हाकललं असतं."

"हाकललंच असतं," ते म्हणाले. दीक्षाने पेशंटच्या हिरड्या धुवायची पिचकारी आणली, बाह्या वर केल्या आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घालून एकेका प्रवाळावरची माती उडवू लागली. संघपाल नळीने गढूळ पाणी ओढून काढत राहिले. मागे बाकावर दोन पेशंट ताटकळले होते. तिने त्यांना अर्धा तास थांबायला सांगितलं.

त्याच संध्याकाळी मागवलेली प्रवाळाची खडी आठव्या दिवशी आली. संघपाल यांनी तिचा एक तुकडा आधी आम्लात टाकून पाहिला. ग्लासातलं पाणी स्वच्छ राहिलं. या वेळी त्यांनी मिनिटाला दहाच बुडबुडे सोडले आणि तीन दिवस दीक्षाकडे मुक्काम करून रोज पाणी तपासलं. कॅल्शियम हळूहळू चढलं आणि चारशे वीसवर स्थिरावलं. पण पाचपैकी दोन प्रवाळं बुडापर्यंत पांढरी पडली. ती त्यांनी स्वतःच्या हाताने बाहेर काढली. उरलेल्या तिन्हींपैकी एकाच्या टोकाला पांढऱ्यावर नव्या वाढीची जांभळी कड आली होती, नखाच्या कडेएवढी.

महिना संपला त्या शनिवारी नागपूरच्या दुकानदाराचा फोन आला. दीक्षा एका दाढेत गुंतली होती. हातात हातमोजे असल्याने तिला फोन घेता येईना.

"बाबा, तुमी बोला," ती आतूनच म्हणाली.

"काय सांगू?"

"दोन गेले ते सांगा. तीन आहेत ते बी सांगा. अन् टाकी देत नाही म्हणा."

संघपाल यांनी तिन्ही गोष्टी याच क्रमाने सांगितल्या.