शांत ठिकाणाचा गवगवा

आमच्या लग्नाला चोवीस वर्षं झाली, आणि बायकोला थंड हवेच्या ठिकाणी नेण्याचं वचन मी आजवर एकदाही मोडलेलं नाही. फक्त दर वर्षी पुढं ढकललेलं आहे. एका वर्षी कापूस वेचणीला आला, एका वर्षी संत्र्याचा बगिचा बघायला व्यापारी येणार होता (तो अजून यायचा आहे), आणि उरलेल्या वर्षी सौंसरच्या सरकारी कचेरीत माझ्यावाचून अडलं होतं. माझ्यावाचून तिथं काही अडत नाही, हे कुंदाला माझ्या साहेबांच्या बायकोनंच सांगून टाकल्यामुळं यंदा बोलायला तोंड उरलं नाही.

ठिकाणही तिनंच निवडलं. निलगिरीच्या डोंगरात, कोटागिरीच्या पुढं, चहाच्या मळ्यात एक लहानसं गाव. तिथल्या एका बंगलीतली खोली तिनं स्वतः मोबाइलवर शोधली. मी विचारलं, तिथं पाहण्यासारखं काय आहे?

"पाहायचं काईच नाई," ती म्हणाली. "हातात चहा पायजे, समोर धुकं पायजे, अन् आठ दिवस कोणी माह्याशी बोलाले नाई पायजे. यंदा नेलं नाई तं मी एकटी जाईन."

यावर मी पोट धरून हसलो. कुंदा एकटी कधी नागपूरच्या पुढं गेलेली नाही. पण तिचा चेहरा पाहून मी मुकाट्यानं तिकिटं काढली आणि त्याच संध्याकाळी, कुठं बोलायचं नाही असं बजावलेलं असताना, ही बातमी पानठेल्यावर सांगितली. आता एवढ्या दूरच्या शांत जागी जायचं आणि कोणाला कळायचंच नाही, मग जाण्यात अर्थ काय! दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याहून साळ्याचा फोन आला. तिसऱ्या दिवशी तिगावच्या स्टेशनावर चहावाल्यानं मला विचारलं, स्वेटर घेतला काय?

आणि जो तो एकच प्रश्न विचारी, तिथं आपलं कोण आहे? आमच्याकडं परगावी जाऊन लॉजमध्ये उतरणं म्हणजे जगात आपलं कोणी नाही असं जाहीर करण्यासारखं असतं. माणूस तीर्थाला जावो की दवाखान्यात, आधी त्या गावातला आपल्याकडचा माणूस शोधतो आणि त्याच्याकडं पिशवी टेकवतो. खोली ठरलेली असूनही मला चैन पडेना. मी आपला माणूस शोधायला लागलो. बोरगावच्या न्हाव्यानं हैदराबादेतला मामेभाऊ देऊ केला आणि तिथून निलगिरी जवळच आहे, असंही सांगितलं. शेवटी रामाकोन्याच्या बाजारात एका मिरचीवालीकडं माणूस निघाला. तिच्या दिराचा मित्र देविदास पंचवीस वर्षांपूर्वी चहाच्या कारखान्यात कामाला गेला होता आणि तिथलीच बायको करून तिथंच राहिला होता. कुठल्या गावी? कुंदानं निवडलेल्या नेमक्या त्याच गावी! मला अमेरिका सापडल्याचा आनंद झाला. कुंदानं मात्र हातातली पोळी तव्यावर जरा जोरातच टाकली.

मी देविदासला फोन लावला. पंचवीस वर्षांनी कानावर गावाकडची बोली पडल्यावर तो गडी फोनवरच रडायला लागला. मलाही भरून आलं. आणि भरून आल्यावर आमच्याकडचा कोणीही माणूस जे म्हणतो तेच मी म्हणालो.

"या ना एखाद्या वेळी इकडं. चांगले पंधरा दिवस राहा."

आता हे वाक्य आमच्याकडं फोन ठेवण्यापूर्वी म्हणायचं असतं. 'येतो ना' असं समोरच्यानं म्हणायचं असतं, आणि कोणी कुठं जायचं नसतं. यावर आमच्या अख्ख्या तालुक्याची नाती टिकून आहेत. पण देविदास पंचवीस वर्षं बाहेर होता. त्याला हा रिवाज आठवला नाही. तो आला.

ऐन मे महिन्यात, आमची गाडी निघायच्या आठ दिवस आधी, अंगात स्वेटर घालून तो दारात उभा राहिला. सोबत बायको सेल्वी, तिच्या हातात निलगिरी तेलाच्या सहा बाटल्या. परतीचं तिकीट त्यानं आमच्याच गाडीचं काढलं होतं, म्हणजे सगळे सोबत जाऊ.

देविदास आमच्या अंगणात भर उन्हात खाट टाकून पडला. पंचवीस वर्षं धुक्यात राहून माझी हाडं ओली झाली, असं तो म्हणे. सकाळी त्याला झुणका लागे, दुपारी पाटोड्या, संध्याकाळी रोडगे, आणि मध्ये बोलायला माणूस. प्रवासाच्या तयारीसाठी मी आधीपासूनच सुटी काढलेली होती! रामाकोन्यातल्या भावाशी त्याचं बोलणं नव्हतं, तेव्हा पंचवीस वर्षांचं साचलेलं सगळं तो माझ्याशीच बोलला. चहाची पानं कशी वाळवतात हे मला आता झोपेतही सांगता येईल.

सेल्वीला मराठी येत नव्हती आणि कुंदाला तमिळ. दोघी दिवसभर स्वयंपाकघरात समोरासमोर बसून कैऱ्या चिरत. एक शब्द नाही. कुंदा माझ्यावर रागावलीय म्हणून गप्प आहे, असं मी समजत होतो आणि मनातून घाबरलो होतो. चोवीस वर्षांची आशा माझ्या एका वाक्यापायी बुडाली, याची मला खरोखर लाज वाटत होती.

निघायचा दिवस उजाडला. बॅगा दारात आल्या, नागपूरला नेणारी जीप आली. सेल्वी चप्पल घालून तयार, तिची रजा संपली होती. देविदास खाटेवरून उठेना. त्यानं कूस बदलली.

"तुम्ही जा बापा," तो म्हणाला. "मी महिनाभर राहून राहिलो इथी."

मी कुंदाकडं पाहिलं. पाहुणा घरात असताना घरच्यांनी घर सोडून जायचं, हे आमच्या सात पिढ्यांत झालेलं नाही. मी घसा साफ केला आणि पुढच्या वर्षी नक्की, असं काहीतरी बोलायला लागलो. कुंदानं ते पुरं होऊ दिलं नाही. तिनं स्वतःची बॅग उचलली.

"पाहुणा तुमचा हाय. या म्हणून तुम्हीच म्हटलं होतं, मी नाई," ती शांतपणे म्हणाली. "पीठ डब्यात हाय."

आणि ती सेल्वीच्या शेजारी जीपमध्ये जाऊन बसली. दोघींनी माझ्याकडं पाहून एकदाच हात हलवला.

पुढचे आठ दिवस मी रोडगे केले. पहिल्या दिवशीचे देविदासनं खाल्ले, दुसऱ्या दिवशीचे गाईनं वास घेऊन सोडले. कुंदाचा फोन काही येईना. चौथ्या दिवशी न राहवून मीच लावला. कसं आहे, म्हणून विचारलं. पलीकडून आधी चहाचा एक घोट ऐकू आला.

"शांत हाय," ती म्हणाली.

तिच्या आवाजात एवढं समाधान मी कधी ऐकलं नव्हतं. मला बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं. मी म्हणालो, पुढच्या वर्षी आपण दोघं जाऊ.

"कायले?" ती म्हणाली. "तुम्ही आले तं मले दुसरं ठिकाण शोधा लागन."

हे बोलणं माझ्या फार जिव्हारी लागलं. माझ्या तोंडामुळं घरात कोणाला शांतता मिळत नाही, हे मला त्या दिवशी लख्ख कळलं. तेव्हापासून मी ठरवून कमी बोलतो. कुंदा काय म्हणाली तेसुद्धा मी कुणाला सांगितलेलं नाही. (पानठेल्यावरचे चौघे, तिगावचा चहावाला आणि देविदास सोडून.)