आत्याने माझ्यासाठी पाहिलेली दोन स्थळं

सकाळची मशीनची तपासणी चालू असताना काकाचा फोन आला. सुमनआत्या गेली... झोपेतच. पहिला पेशंट बाहेर येऊन बसला होता. मी तपासणी पुरी केली, त्याला आत घ्यायला सांगितलं आणि मग जिन्यात जाऊन रडले. कॅन्सरच्या पेशंटला किरणं किती आणि नेमकी कुठे द्यायची, याचा हिशेब मी बघते. हे काम करणाऱ्याला मेडिकल फिजिसिस्ट म्हणतात. आत्या मात्र गोडदेवच्या तिच्या अख्ख्या बिल्डिंगला सांगायची, "आमची पोरगी मशीनची डॉक्टर हाय."

आई-बाबा कोकणात, म्हणून बी.एस्सी.ची सगळी वर्षं मी आत्याकडेच राहिले. यजमान गेल्यापासून ती एकटीच होती आणि सोयरिकी जमवण्यात तिचा जीव रमायचा. बैठकीतल्या गोड बोलण्यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. घर बघू नये, त्या घरातली थोरली सून बघावी, हे तिचं शास्त्र.

एम.एस्सी.ला मला दोन ठिकाणी प्रवेश मिळत होता. एक संस्था मोठ्या नावाची आणि जवळची. गोडदेवहून रोज जाऊन-येऊन करता आलं असतं. दुसरा कोर्स दूरच्या जिल्ह्यातल्या एका कॅन्सर हॉस्पिटलचा, नाव कुणी न ऐकलेलं. बाबा म्हणाले, नाव बघ. माझंही जवळपास ठरलंच होतं.

"न बघता होकार?" आत्या म्हणाली. "उद्या जातोय आपण दोघी."

ठेवणीतली साडी नेसून ती त्या मोठ्या संस्थेत आली. एसी केबिन, चहा, बिस्किटं, गुळगुळीत माहितीपत्रक. सगळं शांतपणे ऐकून घेतल्यावर तिने विचारलं, "सर, मागच्या वर्षीच्या मुली आता कुठं आहेत?"

सर घुटमळले. कोर्स संपल्यावर वर्षभर हॉस्पिटलात इंटर्नशिप करावी लागते, त्याशिवाय हे काम करता येत नाही. आणि ती जागा ज्याची त्याने शोधायची. काहींना अजून मिळाली नव्हती.

"म्हणजे लग्न तुम्ही लावणार आणि सासर मुलीनं शोधायचं," आत्या म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दूरच्या हॉस्पिटलात तिथल्या मॅडमनी आम्हाला बराच वेळ ताटकळत ठेवलं, कारण आत पेशंटची ट्रीटमेंट चालू होती. हॉस्टेलच्या भिंतींना ओल होती, चहा तर विचारूच नका. पण मागच्या वर्षीच्या दोघी मुली तिथेच इंटर्नशिप करत होत्या, वहीपेन सांभाळत मशीनकडे धावत होत्या. आत्याने त्यांना गाठून जेवणापासून सुट्टीपर्यंत सगळं खोदून खोदून विचारलं.

परतताना एसटीत मी म्हटलं, "मग कुठलं घेऊ गं?"

"मी नुसतं विचारते. हो म्हणायचं काम मुलीचं. मला कुणी विचारलं नव्हतं."

मी दूरचं म्हणाले. ती "बरं" म्हणाली आणि खिडकीला डोकं टेकून झोपली. निदान मला तसं वाटलं.

गेल्या रविवारी तिचं घर आवरायला गेले. शेजारच्या सविताबेन किल्ली घेऊन आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "तुम लोग कॉलेज देखके आये ना, उस दिन बहुत रोई थी. बोली, सविता, पासवाला कॉलेज पक्का था, लडकी इधरीच रहती. मैंनेच पूछ लिया, अब वो जायेगी."

त्या घरात माझ्यानंतर कुणीही राहायला येणार नाही, हे तिला केबिनमध्ये तो प्रश्न विचारतानाच कळलं असणार. तरी तिने विचारलं. माझ्यावर इतकं प्रेम कुणी केलं असेल असं मला वाटत नाही.

आतल्या खोलीत माझी खाट तशीच होती. वर्षातून मी फार तर गणपती-दिवाळीला यायचे, पण चादरीला धुतल्याचा वास होता.

"हर इतवार बदलती थी," सविताबेन म्हणाल्या.

मी कपाट उघडलं, घडी केलेली दुसरी चादर काढली आणि बदलली.